दाराआडचं जेवण

ताम्हाणे सरांना जेवताना पाहिलेला माणूस रोहा तालुक्यात नव्हता. पेण तालुक्यात एक होती, त्यांची मामी. पण ती वारून बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे सर जेवतात हे आम्ही केवळ अनुमानानं मानत होतो. माणूस पन्नाशी ओलांडूनही ताठ होता, कॉलेजचा जिना दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होता, म्हणजे कुठेतरी, केव्हातरी जेवत असणारच. आणि गंमत अशी, की दुसऱ्याला खाताना पाहणं हाच या माणसाचा आयुष्यभराचा उद्योग होता.

आमचं कॉलेज पेणला आणि आम्ही काही जण राहायला रोह्याला. सर प्राणिशास्त्राचे, मी मराठीचा. सहकाऱ्यांना ते आडनावानं कधी हाक मारत नसत. विषयानं मारत. "अहो मराठी, जरा सरका." "इतिहास आज आले नाहीत का?" एकदा स्टाफरूममध्ये त्यांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "भूगोल कुठे गेला?" आणि कोणीतरी सांगितलं, "मुतारीत." यावर आम्ही हसलो, सर हसले नाहीत. त्यांना भूगोल खरोखरच हवे होते.

दुपारी परतीची गाडी पेणहून सुटली की आमचे डबे उघडायचे. कासू येईपर्यंत एकमेकांच्या डब्यात हात गेलेले असायचे आणि नागोठण्याला झाकणं लागायची. सरांच्या डब्याची तर आम्ही वाटच पाहत असू. वहिनींच्या हातचं वालाचं बिरडं त्या गाडीत पेणपासून रोह्यापर्यंत प्रसिद्ध होतं. सर डबा उघडायचे, मधे ठेवायचे, "घ्या, माझं झालंय," म्हणायचे आणि मागे टेकून बसायचे. कधी झालं, कुठे झालं, हे विचारायची सोय नव्हती. मग ते आमच्याकडे बघत बसायचे. खिडकीबाहेर नाही, आमच्याकडे.

"इतिहास, तुम्ही आज एक पोळी जास्त खाल्लीत."

"भूक होती सर."

"नाही. शेजारी गणित बसलेत. परवा शेजारी कोणी नव्हतं तेव्हा तुमच्या डब्यात पोळी उरली होती." इतिहासाचा चेहरा पडला की सर लगेच दिलासा द्यायचे, "मनाला लावून घेऊ नका. हे निरीक्षण आहे, निष्कर्ष नव्हे."

हे त्यांचं पालुपद होतं. मुलांनी त्यांचं नावच 'निरीक्षण' ठेवलं होतं. निष्कर्षाचा त्यांना तिटकारा होता. घरी ते जे काही टिपून ठेवत ते शाळकरी पाटीवर, आणि संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसून टाकत. मी एकदा विचारलं, "सर, एवढं लिहायचं आणि पुसायचं?" तर म्हणाले, "कालचं डोळ्यासमोर राहिलं की आज तेच दिसायला लागतं." संशोधन छापून आणून लोक कुठल्या कुठे गेले, आमचे सर पाटी पुसत रोह्यातच राहिले.

सरांच्या न जेवण्याबद्दल आमच्यात मतं पुष्कळ होती. अर्थशास्त्राच्या मते त्यांना जुना अल्सर होता. गणिताच्या मते ते कुठलंसं व्रत होतं. एका शिपायानं मला खाजगीत सांगितलं होतं, की मोठ्या घरची माणसं आहेत, आपल्यात कशी जेवतील? मला यातलं काहीच पटत नव्हतं, पण माझ्याकडे दुसरं मतही नव्हतं.

त्यांचा उद्योग मला कळला तो एस.टी.त. दरवर्षी थंडी पडली की सुटीच्या दिवशी सर ओहोटीची वेळ बघून कोर्लईला जायचे. तिथल्या खडकांवर हिरवं शेवाळ धरतं, आणि त्यावर चरायला एक प्राणी येतो. गोगलगायच ती, पण शंख नसलेली. मऊ, बुळबुळीत, तळहाताएवढी. डोक्यावर दोन कान उभारल्यासारखे दिसतात म्हणून साहेबांनी त्याला समुद्राचा ससा म्हटलं. सर 'सागरससा' म्हणत. किनाऱ्यावरचे कोळी त्याला नाव देण्याच्या भानगडीत पडले नव्हते, कारण तो खाता येत नाही आणि विकता येत नाही.

एका रविवारी मीही बरोबर गेलो होतो. परतताना सरांच्या मांडीवर दुधाची मोठी कॅन होती. तिच्यात समुद्राचं पाणी आणि पाण्यात हे ससे. शेजारी मासळीची पाटी घेऊन एक कोळीण बसली होती. तिनं कॅनमध्ये डोकावून पाहिलं.

"काय हाय मास्तर? मावरा?"

"नाही. हा खात नाहीत."

"खायाचा नाय?"

"नाही."

"इकायाचा?"

"नाही."

"मंग नेतास कशाला?"

"तो कसा खातो ते बघायला."

बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. "आनि तू जेवतंस कवा?"

या प्रश्नावर सर जे कॅनचं झाकण दाबून बसले ते चणेऱ्यापर्यंत. तिथे गाडी एका खड्ड्यात अशी आदळली, की कॅनचं झाकण उडालं. घाबरला की हा प्राणी जांभळी शाई सोडतो, ही माहिती तेव्हा गाडीत एकट्या सरांना होती. पुढच्या क्षणी सगळ्यांना झाली. कंडक्टरची पँट, माझं धोतर आणि बाईच्या पाटीतले बोंबील एकाच रंगाचे झाले. बाईनं सरांचा जो उद्धार केला, तो मी मराठीचा असूनही मला पुरता कळला नाही. सर मात्र गाडीभर शिव्या चालू असताना कॅनमध्ये बघून हळूच म्हणाले, "एकानं सोडली की बाकीचेही सोडतात वाटतं." पुढे तेच वाक्य, निरीक्षण आहे, निष्कर्ष नव्हे.

नदीपलीकडच्या अष्टमी गावात त्यांचं घर होतं. बाहेरची खोली, मधलं स्वयंपाकघर, आत एक लहान खोली, मागे पडवी. पडवीत काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. लोणच्याच्याच होत्या त्या. वहिनींचं त्यामुळे लोणचं चिनीमातीत जायचं. काही बरण्यांत एकेक ससा, काहींत तीन-चार. सगळ्यांना सारखंच शेवाळ घालायचं आणि बसायचं बघत. सरांना एवढंच हवं होतं, की एकटा किती खातो आणि सोबतीत किती.

"सोबतीत जास्त खातात," सर म्हणाले. "चटकन सुरू करतात आणि उशिरा थांबतात. आपले इतिहास खातात तसेच."

"मग झालं की सर. लागला शोध."

"थांबा. हा बघा." त्यांनी कडेची बरणी दाखवली. तिच्यात एक ससा पानासारख्या शेवाळाच्या तुकड्यासमोर निवांत पडला होता. "हा एकटा ठेवला तर खात नाही. म्हणून चौघांत सोडला, तर कोपऱ्यात जाऊन आकसला. तिथेही खाईना. मरणार आता, म्हटलं. मग एकदा सहज त्या चौघांच्या बरणीतलं पाणी याच्या बरणीत ओतलं. ते खात होते ना, त्यांच्या खाण्याचं पाणी. आणि हा सुरू झाला."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला कोणी शेजारी नको होतं. पलीकडे कोणीतरी जेवतंय, एवढं कळलं की पुरे होतं." सरांनी पाटी पुढे ओढली, काहीतरी लिहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मामाकडे वाढलो मी. पेणला. मामी वाईट नव्हती हो. कधी बोलली नाही, कमी वाढलं नाही. नुसती समोर बसून बघायची. घास उचलला की तोंडात जाईपर्यंत तिची नजर त्याच्याबरोबर यायची. अजून येते. कोणी बघायला लागलं की घास घशात उतरत नाही माझ्या. घरात नाही, दारात नाही, लग्नाकार्यात नाही. लाज वाटते असंही नाही. नाहीच उतरत."

एवढं मोठं भाषण त्यांनी वर्गातसुद्धा कधी केलं नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात ते उठले. "बारा वाजले. तुम्ही जेवून जा. तिला सांगितलंय."

वहिनींनी सरांचं ताट वाढून आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. सर आत गेले आणि दार लोटलं गेलं. माझं पान स्वयंपाकघरात होतं, समोर वहिनींचं. बिरड्याच्या वासानं मी व्याकूळ झालो होतो, पण वहिनी हात आखडून बसल्या होत्या. कान दाराकडे. मीही मग भाताकडे बघत बसलो. आतून वाटी ताटाला लागल्याचा आवाज आला.

"हं. घ्या भाऊजी," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी घास उचलला. हातातल्या बांगड्या वाजल्या.

"रोज असंच?"

"लग्न झाल्यापासून. ते सुरू झाल्याशिवाय मला जात नाही. त्यांना ठाऊक नाही हं, सांगू नका." मग दाराकडे बघून हसल्या. "आमची शुभा लग्नाला आली, पण तिच्या बापाला जेवताना मी पाहिलेलं नाही. भात आधी खातात का पोळी, तेसुद्धा पान बघून ओळखायचं. एकदा तरी बघायचंय मला. समोर बसून नाही, ते जमायचं नाही. पण एकदा."

शुभाचं लग्न खरोखरच ठरलं, आणि तिनं स्वतःच ठरवलं. मुलगा नागोठण्याजवळच्या कंपनीत इंजिनियर होता, खांब गावच्या महादू वारंग्यांचा. वारंगे भात आणि वाल पिकवणारं घर. महादूशेठ दणदणीत आवाजाचे, दणदणीत मनाचे, आणि मानापमानाच्या बाबतीत अत्यंत हळवे. आमच्या रोह्यातल्या काही शहाण्यांनी सरांना आडून विचारलं, की कुळवाड्याकडे मुलगी देता? सर म्हणाले, "मुलगी मी देत नाही, ती जातेय. निरीक्षण आहे." त्या बाजूनं त्यांच्या मनात तिळमात्र काही नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो, कारण पुढे ते सांगायची वेळ आली.

साखरपुडा खांबला झाला. विहीणबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या होत्या, आणि आमच्यासाठी, आमच्याच माणसांत नाव काढतील असं, बिरडं केलं होतं. सरांपुढे ताट आलं. सरांनी पोट बिघडल्याचं सांगून ते नमस्कार करून परत केलं. खरं तर पोट बिघडलेला माणूस असा ताठ बसत नाही. महादूशेठ आम्हाला एस.टी.पर्यंत पोचवायला आले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं.

"गुरुजी, खरं सांगा. आमच्या घरचं पानी चालंना का त्येंना?"

"नाही हो शेठ, तसं अजिबात नाही."

"मंग घास का नाय घेतला? माज्या मालकिनीनं पहाटं उठून रांधलं. रडत बसलीय चुलीपाशी."

खरं कारण सांगायचं म्हणजे सागरशशापासून सुरुवात करावी लागली असती. मी म्हटलं, "त्यांना सवय नाही." हे ऐकून महादूशेठचा चेहरा जो उतरला, तो बघून मलाच माझी जीभ चावावीशी वाटली.

आठवड्याभरात खांबहून निरोप आला. रागाचा नव्हता, म्हणूनच भीती वाटली. लग्नात व्याही आपल्या समोर पानावर बसतील आणि जेवतील, तेव्हाच आपण हात लावू; नाहीतर वऱ्हाड उपाशी उठेल, आणि मग मुलीनं सासरी काय मानानं नांदायचं ते तुम्हीच ठरवा.

सरांची सगळी भिस्त एका रिवाजावर होती. मुलीच्या बापानं पंगतीत आग्रह करत फिरायचं असतं, जेवायचं शेवटी. आयुष्यात पहिल्यांदाच एक रूढी त्यांच्या बाजूनं उभी होती आणि महादूशेठनं तीच काढून घेतली. शुभा बापासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, एक घास. पुढचं मी सांभाळून घेईन. पण एक घास सगळ्यांसमोर घ्या." सर म्हणाले, "प्रयत्न करीन." एरवी हा शब्द ते नापास मुलांच्या तोंडूनच ऐकत.

आणि त्यांनी खरंच प्रयत्न केला. मला बोलावून घेतलं, बाहेरच्या खोलीत समोर बसवलं, हातात वर्तमानपत्र दिलं. "तुम्ही वाचा. मधेच, सहज, वर बघा." त्यांच्यापुढे पोह्यांची बशी होती. मी अग्रलेख वाचत राहिलो. त्यात काही दम नव्हता. सहज वर पाहिलं तर चमचा हनुवटीपाशी थांबलेला आणि कपाळावर घाम. मी पुन्हा वाचायला लागलो. बऱ्याच वेळानं बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. "नाही जमत, मराठी," ते म्हणाले. इतका हताश आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी मला सरांची थट्टा सुचली नाही.

लग्न रोह्याच्या कार्यालयात लागलं. अक्षता पडल्या, अंतरपाट घडी होऊन भटजींच्या पिशवीत गेला आणि पानं मांडली गेली. समोरासमोर दोन लांब रांगा. एका रांगेत मधोमध महादूशेठ, त्यांच्या बरोबर समोर, भिंतीला पाठ लावून, ताम्हाणे सर. मसालेभात, बिरडं, जिलबी, मठ्ठा, सगळं वाढून झालं. श्लोक म्हणून झाला. आणि कोणी हात लावला नाही.

महादूशेठ मांडीवर हात ठेवून सरांकडे बघत होते. त्यांच्या शेजारचे महादूशेठकडे बघत होते, त्यांच्या शेजारचे त्यांच्याकडे. नजर अशी सरकत सरकत हॉलच्या शेवटच्या पानापर्यंत गेली आणि तिथून सगळी मिळून सरांकडे परत आली. सोबतीत प्राणी चटकन खायला सुरू करतात, हे जर खरं असेल तर सोबतीत तेवढेच घट्ट थांबूनही राहतात, हे सरांच्या पाटीवर लिहायचं राहून गेलं होतं. मामी एकटी होती. आज सगळं खांब मामी होऊन बसलं होतं.

सरांनी भात कालवला. घास केला. उचलला. हनुवटीपाशी तो थांबला. भाताची शितं एकेक करून पानावर पडायला लागली. नवऱ्याशेजारी बसलेली शुभा खाली मान घालून आपल्या हातावरची मेंदी बघत होती. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. "नाय उतरत घास," कोणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं. महादूशेठनी एक पाय मोडून उठायची तयारी केली.

तेवढ्यात वहिनी तूप वाढता वाढता थांबल्या. त्यांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं, थेट भटजींकडे गेल्या आणि न विचारता त्यांच्या पिशवीतून अंतरपाट ओढून काढला. "भाऊजी, हे टोक धरा." मी पानावरून उठलो. दुसरं टोक त्यांनी भटजींच्याच हातात दिलं. "तोंडं तिकडे फिरवा. दोघंही." सरांच्या शेजारची पानं उठवली. आता सरांच्या मागे भिंत, समोर अंतरपाट आणि दोन्ही टोकांना आम्ही, पाठमोरे. भटजी बिचारे मंत्र म्हणायचा का, असं डोळ्यांनीच मला विचारत होते.

वहिनी महादूशेठसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "व्याहीबुवा, हे असेच जेवतात. आड. तुमच्याकडे म्हणून नाही, आमच्या घरीसुद्धा. इतका संसार झाला, मीदेखील यांना जेवताना बघितलेलं नाही. देवाब्राह्मणांसमोर सांगते. तुम्ही फक्त ऐका."

महादूशेठ तसेच अर्धवट उठलेले. हॉलमध्ये इतकी शांतता झाली, की बाहेर रिक्षा वळल्याचं कळलं. मग अंतरपाटामागे वाटी पानाला लागली. वहिनींनी पदर सावरला, हातातल्या बांगड्या वाजल्या. आणि मग मठ्ठ्याचा एक लांब, स्पष्ट भुरका.

महादूशेठनी मान तिरपी करून ऐकलं. आणखी एक भुरका. मग जिलबी मोडल्याचा आवाज. त्यांच्या चेहऱ्यावरची एकेक आठी सुटत गेली. ते खाली बसले. "व्हय," ते म्हणाले, "जेवतोय." आणि त्यांनी घास उचलला. त्यांच्या शेजारच्यानं उचलला, त्याच्या शेजारच्यानं, आणि पंगत अशी सुरू झाली, की वाढप्यांची धावपळ उडाली.

भात अर्धा संपल्यावर महादूशेठना काहीतरी आठवलं. "इहीनबाई, तुमी खरंच कवा बघितलं नाय?"

"नाही हो."

"मंग बघा की आता. ह्ये काय, एका कापडाच्या पल्याड तर हायती."

एका पावलाचा प्रश्न होता. वहिनी अंतरपाटाच्या कडेला, माझ्या टोकापाशीच उभ्या होत्या. मला वाटलं, त्या वळतील. मी हात जरा खालीसुद्धा घेतला. त्यांनी माझा हात धरून पुन्हा वर केला. "नको. जेवू देत त्यांना," म्हणाल्या, आणि डोळे पुसून तुपाचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे गेल्या.

अंतरपाट काढला तेव्हा सरांचं पान लख्ख होतं. महादूशेठनी ते वाकून पाहिलं. "बिरडं समदं संपिवलंन," ते अभिमानानं वऱ्हाडाला म्हणाले. पुढे वर्षानुवर्षं ते खांबला सांगत असत, की आमचा याही राजासारखा पडद्याआड जेवतो, तुमच्यात हाय का कोन असा? एका माणसाची अडचण दुसऱ्या गावाच्या हद्दीत गेली की तिचा मान होतो, असं मी त्यावरून समजून चुकलो. सर म्हणाले असते, निरीक्षण आहे.

सर निवृत्त झाले. कोर्लईला जाणं गुडघ्यांनी बंद केलं आणि पडवीतल्या बरण्यांवर मिठाचे पांढरे डाग राहिले. वहिनींनी त्यातल्या दोन घासून घासून परत लोणच्याला घेतल्या. ते लोणचंही त्यांनी घातलं तेवढंच. पुढच्या आंब्यांना त्या नव्हत्या. ताप आला, अलिबागला नेलं आणि परत आणलं ते तसंच. मला सख्खी बहीण गेल्यासारखं वाटलं. सर रडले नाहीत. लोक म्हणाले, कोरडा माणूस.

तेरावं झालं, शुभा खांबला परत गेली. तिनं चार-चार वेळा सांगून ठेवलं होतं म्हणून मी डबा घेऊन गेलो. सर स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. केवढेसे झाले होते. ओट्यावर शुभानं करून ठेवलेलं सगळं जसंच्या तसं होतं. माझी अपेक्षा होती, की निदान आता तरी त्यांना जेवायला काही अडचण नसावी. घरात बघायला कोणीच उरलं नव्हतं.

"जेवलात का सर?"

"घेऊन बसतो. उतरत नाही."

"आता तर कोणी बघतही नाही."

"बघत नाही, खरंय," ते म्हणाले. मग आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिले. "त्या दाराला आतून कडी नाही, मराठी. घर बांधलं तेव्हापासून नाही. तिला माहीत होतं. एक बोट लावलं असतं तर उघडलं असतं. कधी लावलं नाही तिनं." मग म्हणाले, "मी आत जाऊन आधी वाटी वाजवायचो. मुद्दाम. नाहीतर ती सुरूच करायची नाही. मग तिच्या बांगड्या वाजल्या, की मी घास घ्यायचो. आता मी वाटी वाजवतो, आणि बाहेर काहीच वाजत नाही."

म्हणजे सरांना ठाऊक होतं. दोघं एकमेकांपासून लपवून, एकमेकांसाठी, उभा जन्म एकत्र जेवले होते. आणि इकडे मी वहिनींचं गुपित पोटात ठेवल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटत होतो.

मी उठलो. डबा उघडला, ताट घेतलं, भात, बिरडं, वाटीत आमटी वाढली. ताट आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. सरांना हाताला धरून उठवलं, आत बसवलं आणि दार लोटून घेतलं. मग स्वयंपाकघरात वहिनींच्या जागेवर बसलो आणि स्वतःला वाढून घेतलं. आतून आवाज येईना. माझ्या हातात बांगड्या नव्हत्या. मी वाटी ताटावर आपटली, आणि आमटीचा असा भुरका मारला, की आमच्या घरी मारला असता तर मला पानावरून उठवलं असतं. पुन्हा मारला. पापड मोडला. तो संपल्यावर दुसरा मोडला.

बऱ्याच वेळानं आत वाटी हलली. ताटाला लागली. मग एक लहानसा भुरका, आणि त्याच्यामागून दुसरा.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज फुटू नये म्हणून मी जरा मोठ्यानंच विचारलं, "सर, आमटी बरी झालीय ना?"

दारापलीकडे आवाज थांबला. मग सर म्हणाले, "बोलू नका, मराठी. जेवतोय."